नाव ठेवावे कुणाचे? – इटलीतील मुलाचे पहिले नाव आणि दुसरे नाव



रेडिओवरून अशी भाषणे आपल्या घरी येतात. त्या बिनतारी संदेशाच्या शोधाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो मार्कोनी मूळचा इटलीचा. २५ एप्रिल १८७४ रोजी बोलोन्या शहरात त्याचा जन्म झाला. त्याचे पूर्ण नाव होते गुल्येल्मो जोव्हान्नी मारिया मार्कोनी. आता हे नाव आपल्या शाळेच्या हजेरीपटावर चढवायचे म्हटले, तर आपला समज काय होईल? गुल्येल्मो हे मुलाचे नाव, जोव्हान्नी हे वडिलांचे, आणि मार्कोनी हे आडनाव. मधली मारिया मात्र आपल्याला कोड्यात टाकील. ही कोण? आई की काय?

आपला हा हिशेब साफ चुकेल. मार्कोनीच्या वडिलांचे नाव जुझेप्पे, आणि आईचे ॲनी. जोव्हान्नी आणि मारिया ही दोन्ही नावे मार्कोनीचीच! आपल्याकडे मधले नाव म्हटले की वडील उभे राहतात. ते नाव कुणी निवडत नाही. ते जन्माबरोबर आपोआप येते. इटलीत तसे नाही. तिथे मधले नाव म्हणजे त्याच मुलाचे आणखी एक नाव, आणि ते मुद्दाम निवडावे लागते. आता निवडायचे म्हटले की चार तोंडे आणि चार मते आलीच. आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचाच फरक आहे, आणि बारशाच्या घरी दोन्ही कामे बरोबरच चालतात. इटलीतल्या घरांनी या भांडणावर कसा तोडगा काढला, आणि त्या तोडग्यात दुसऱ्या नावाचा वाटा किती मोठा आहे, ते आज पाहू.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घेऊ. हयात बापाचे नाव मुलाला ठेवायचे नाही, असा इटलीचा कायदाच आहे. १९३९ सालच्या जन्मनोंदणीच्या नियमांत हे कलम होते, आणि २००० साली नवे नियम झाले त्यांतही ते राहिले. हयात वडिलांचे किंवा हयात भावाबहिणीचे नाव नव्या मुलाला देऊ नये, असे ते कलम सांगते. यातला 'हयात' हा शब्द नीट ऐकावा. वडील वारल्यावर मूल जन्मले, तर त्याला वडिलांचे नाव देता येते. एखादे मूल दगावले, तर मागून झालेल्या भावाला त्याचे नाव देता येते. जुन्या काळी, घरोघर मुले दगावत तेव्हा, असे पुष्कळदा होई. आपल्याकडे मुले जगत नसली, की पुढच्या मुलाला धोंडू, दगडू, भिकू अशी नावे ठेवीत. काळाने त्याच्याकडे ढुंकून पाहू नये म्हणून. इटलीतली आई गेलेल्या मुलाचेच नाव पुन्हा घेई. दुःख एकच, पण त्यावरचे उपाय दोन गावांचे दोन.

बरे, बापाचे नाव नाही, तर मग कुणाचे? आजोबांचे. ही वहिवाट दक्षिण इटलीत, म्हणजे पुल्या, कालाब्रिया, कांपानिया आणि सिसिली या भागांत विशेष पक्की होती, आणि आजही पुरती गेलेली नाही. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्या मुलाला आईच्या वडिलांचे नाव. मुलींचेही तसेच, आधी वडिलांची आई, मग आईची आई. आजोबा समोर खुर्चीवर जिवंत बसलेले असले, तरी हरकत नाही. उलट, त्यांच्या देखत त्यांचे नाव पाळण्यात जावे, यातच त्यांना धन्यता वाटते. आपल्या जुन्या घरांत हे जमले नसते. सुनेने सासऱ्याचे नाव तोंडातून काढायचे नाही अशी चाल. मग सासऱ्याचेच नाव घेऊन पोराला ओरडायचे कसे? इटलीतली सून मात्र दिवसभर अंगणात उभी राहून सासऱ्याच्या नावाने हाका मारते, आणि सासरा ओसरीवर बसून खूष होतो!

या चालीतून एक व्यावहारिक अडचण मात्र उभी राहते. समजा, एका आजोबांचे नाव निकोला आहे आणि त्यांना चार मुलगे. प्रत्येकाच्या थोरल्या मुलाचे नाव निकोला. चौघांचे आडनाव एकच, कारण घराणे एकच. म्हणजे एकाच गल्लीत एकाच नावाचे चार चुलतभाऊ. एकाचे पत्र दुसऱ्याच्या घरी, एकाच्या खोडीचा मार दुसऱ्याला. गावाने यावर टोपणनावे काढली. कुणी लंगडा, कुणी तांबड्या, कुणी पाववाल्याचा. पण टोपणनाव कागदावर चालत नाही. कागदावर उपयोगी पडले ते दुसरे नाव. हा निकोला जुझेप्पे, तो निकोला व्हितो, तिसरा निकोला आंतोनियो. दुसरे नाव बहुधा आईकडच्या आजोबांचे. त्यामुळे चौघे भाऊ वेगळे ओळखू येतात, आणि आईच्या माहेरालाही मान मिळतो.

आता ही नावे मुळात येतात कुठून? बहुतेक संतांची. ख्रिस्ती मुलाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याला नाव मिळते. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मसभेने पाद्र्यांवर नोंदवह्या ठेवण्याचे काम सोपवले, आणि पुढे मुलांना संतांचीच नावे द्यावीत असा आग्रहही चर्चने धरला. तेव्हापासून गावोगावच्या चर्चमधून या वह्या भरत आल्या. संताचे नाव घेतले म्हणजे त्या संताचा सणही आपला झाला. इटलीत वाढदिवसाखेरीज नावाचा दिवस पाळतात. त्याला ओनोमास्तिको म्हणतात. १९ मार्चला सगळ्या जुझेप्पेंचा दिवस, २४ जूनला जोव्हान्नींचा, ४ ऑक्टोबरला फ्रान्चेस्कोंचा, ६ डिसेंबरला निकोलांचा. आणि ज्याच्या नावाचा संतच नाही, त्याला १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस मोकळा आहे. कुणी उपाशी राहत नाही.

हे संत आपल्याला अगदीच परके नाहीत. २४ जूनला गोव्यात सांजांव साजरा होतो, डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून माणसे विहिरीत उड्या घेतात, तो इटलीतल्या जोव्हान्नीचाच दिवस. इटलीतला जुझेप्पे पोर्तुगिजांच्या वाटेने गोव्यात आला तो जुझे झाला, आणि मराठी बोलणाऱ्या वसईत तोच जोसेफ म्हणून भेटतो. सावरकरांनी १९०७ साली ज्या मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले, त्या मॅझिनीलाही आपण जोसेफ म्हणतो. त्याच्या आईने ठेवलेले नाव होते जुझेप्पे.

संताचे नाव मुलाला देण्याची रीत तर आपल्या हाडीमाशी भिनलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीचे जवान इटलीत लढले. कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन पाण्यातून परतले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या गावांतून ही मुले गेली, तिथल्या घरांत आंतोनियो आणि फ्रान्चेस्को राहत होते, आणि त्या घरांवरून जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्याच्या मुलाचे नाव होते नामदेव. संताच्या नावाचा तो देश, आणि संताच्याच नावाचा हा जवान.

इटलीत नावावरून गाव ओळखता येते, हीही गंमत आहे. जेन्नारो म्हटले की नेपल्स, कारण तो त्या शहराचा संत. आम्ब्रोजो म्हटले की मिलान. ओरोन्झो म्हटले की दक्षिणेकडचे लेच्चे. एफीझियो म्हटले की सार्डिनिया बेट. राजेलोकांनीही हे ओळखले होते. १८६१ साली इटलीचे एक राज्य झाले, आणि उत्तरेकडचे सावोय घराणे गादीवर आले. दक्षिणेला हा राजा आपला वाटत नव्हता. पुढे १८६९ साली राजघराण्यात मुलगा झाला, तो नेपल्समध्ये. त्याचे नाव ठेवले व्हित्तोरियो एमानुएले फेर्दिनांदो मारिया जेन्नारो. पहिली दोन नावे आजोबांची, म्हणजे राजाची. शेवटचे जेन्नारो नेपल्सच्या लोकांसाठी. घरातली वहिवाट पुढे सांभाळली, आणि लोकांची समजूत मागच्या नावाने घातली. सामान्य घरात आईच्या माहेरासाठी जे होते, तेच इथे अर्ध्या देशासाठी झाले.

आता मघाची मारिया. पुरुषाला मारिया हे नाव कसे? ते येशूच्या आईचे नाव. मुलगा तिच्या छत्राखाली राहावा म्हणून दुसरे किंवा तिसरे नाव मारिया ठेवतात. गॅरिबाल्डीचे पूर्ण नाव जुझेप्पे मारिया गॅरिबाल्डी. मिलानचे एक प्रसिद्ध धर्माचार्य कार्लो मारिया मार्तीनी. यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मात्र पुरुषाच्या बाबतीत मारिया पुढे येत नाही, मागे राहते.

शिक्षक बंधु-भगिनींनी इथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आकारान्त नाव दिसले, की आपण ते मुलीचे समजतो. इटलीतही साधारणपणे 'ओ' मुलाचा आणि 'आ' मुलीचा असेच आहे. पण लुका, निकोला, आन्द्रेआ, मात्तिया ही सगळी मुलांची नावे आहेत. आन्द्रेआ या नावाचे मूळ तर ग्रीक भाषेतल्या पुरुषवाचक शब्दात आहे. शेजारच्या जर्मनीत मात्र आन्द्रेआ हे मुलीचे नाव. १९५५ साली इटली आणि जर्मनी यांच्यात मजूर नेण्याचा करार झाला, आणि त्यानंतर दक्षिण इटलीची पुष्कळ माणसे तिकडे कामाला गेली. अशा आन्द्रेआला नुसत्या नावावरून पत्र लिहायचे, तर जर्मन कारकून ते बाईच्याच नावे लिहिणार! म्हणून ज्याचे पहिले नाव असे दोन्हीकडचे आहे, त्याला दुसरे नाव निःसंशय मुलाचे द्यावे, हा शहाणपणा ठरतो. खुद्द इटलीतही २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आन्द्रेआ हे नाव मुलीला ठेवण्यास मोकळीक दिली आहे.

संत आणि आजोबा यांच्याखेरीज एक तिसरा दावेदार असतो, तो म्हणजे बापाचे मत. गॅरिबाल्डीच्या पहिल्या मुलाचे नाव दोमेनिको मेनोत्ती. दोमेनिको हे गॅरिबाल्डीच्या वडिलांचे नाव, म्हणजे रूढी पाळली. मेनोत्ती हे मात्र १८३१ साली फाशी गेलेल्या चीरो मेनोत्ती या देशभक्ताचे आडनाव. मुलगा पुढे त्या दुसऱ्या नावानेच ओळखला गेला.

दुसरे उदाहरण कडू आहे. १८८३ साली प्रेदाप्पियो गावी एका लोहाराला मुलगा झाला. लोहार कट्टर समाजवादी होता. त्याने संत आणि आजोबा दोघांनाही बाजूला सारले. मुलाला पहिले नाव मेक्सिकोचा लोकनेता बेनितो हुआरेस याचे दिले. दुसरे आमिल्कारे आणि तिसरे आन्द्रेआ, ही दोन इटालियन समाजवाद्यांची नावे. गोरगरिबांच्या तीन कैवाऱ्यांची नावे ज्याला मिळाली, तो मुलगा म्हणजे बेनितो मुसोलिनी. त्याने पुढे समाजवाद्यांनाच तुरुंगात घातले. त्याच्याच राजवटीत, १९३९ च्या नियमांनी, इटालियन मुलांना परकी नावे ठेवायला बंदी झाली. आणि बेनितो हे त्याचे स्वतःचे नाव इटालियन वळणाचे नव्हे, स्पॅनिश वळणाचे! परक्या नावांवरची ती बंदी १९६६ साली उठली. नाव ठेवून मुलाचे मन घडवता येत नाही, एवढा धडा या हकीकतीतून घ्यावा. बापाने आपली आशा सांगावी. मुलाने ती पुरी करावी असा लेखी करार नसतो.

मग सरकारने यात किती हात घालावा? आजचे नियम असे आहेत. नाव मुलाच्या लिंगाशी जुळणारे हवे. नावे जास्तीत जास्त तीन. हास्यास्पद किंवा लाजिरवाणे नाव नको. आडनाव हे नाव म्हणून नको. आईबापांनी हट्ट धरला, तर नोंदणी करणारा कारकून त्यांना कायदा समजावून सांगतो. तरीही ऐकले नाही, तर नाव नोंदवून घेतो आणि सरकारी वकिलाला कळवतो. मग प्रकरण न्यायालयात जाते. जेनोआ शहरात एका जोडप्याने मुलाचे नाव व्हेनेर्दी, म्हणजे शुक्रवार, असे ठेवले. २००७ साली न्यायालयाने ते नाव नामंजूर केले. रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतल्या नोकराचे ते नाव, आणि शुक्रवार हा वार तिकडे अशुभ. मुलाची शाळेत टवाळी होईल, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. त्याला नाव मिळाले ग्रेगोरियो, कारण त्याच्या जन्मदिवशी त्या संताचा सण होता. आपल्याकडे सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारी जन्मला तो बुधा, आणि त्यात कुणाचा अपमान झाला नाही. पण जिथला समाज तिथला कानही वेगळा. नाव ऐकणारे कोण आहेत, ते नाव ठेवण्याआधी पाहावे लागते.

आता सगळ्यात लहान आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तो आहे स्वल्पविरामाचा. दोन नावे ठेवायची तर ती कशी लिहायची? 'निकोला जुझेप्पे' असे सलग लिहिले, तर कायद्याच्या दृष्टीने हे दोन्ही मिळून एक नाव. दाखला असो वा पारपत्र, सगळीकडे दोन्ही नावे आली पाहिजेत. सहीसुद्धा तशीच. पण 'निकोला', मग स्वल्पविराम, आणि मग 'जुझेप्पे' असे लिहिले, तर जन्माच्या मूळ नोंदीत दोन्ही राहतात, आणि दाखल्यांवर फक्त निकोला येतो. जुझेप्पे हे घरातले, मनातले नाव म्हणून राहते.

एवढ्याशा चिन्हाने असा काय फरक पडतो, असे कुणी म्हणेल. इटलीत प्रत्येकाला सोळा अक्षरे-अंकांचा एक कर-क्रमांक असतो. ही पद्धत १९७३ पासूनची. दवाखान्यात, बँकेत, नोकरीत, सगळीकडे तो लागतो. त्यातली तीन अक्षरे नावातल्या व्यंजनांवरून घेतात. नावात तीनच व्यंजने असली, तर ती तिन्ही. चार किंवा अधिक असली, तर पहिले, तिसरे आणि चौथे. नुसत्या निकोलाची अक्षरे येतात एन, सी, एल. पण निकोला जुझेप्पे असे सलग नाव असले, तर येतात एन, एल, जी. म्हणजे बापाने दहा दिवसांच्या बाळाच्या नावात स्वल्पविराम दिला की नाही, यावर त्या बाळाचा जन्मभराचा क्रमांक ठरतो. एका कागदावर एक नाव आणि दुसऱ्यावर दोन नावे झाली, की तो मुलगा चाळीस वर्षांचा होईपर्यंत कचेरीचे उंबरे झिजवत राहतो. शाळेच्या रजिस्टरात नावाची एक वेलांटी चुकली, तर आपल्याकडे मोठेपणी केवढे हेलपाटे पडतात, हे शिक्षकांना मी सांगायला नको. व्याकरणाच्या तासाला स्वल्पविराम शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

एवढे समजले म्हणजे निवड कशी करावी, हे आता एका कल्पित घरावरून पाहू. समजा, बारी शहराजवळच्या एका खेड्यात रुस्सो आडनावाच्या घरी मुलगा झाला. जन्म जून महिन्याच्या २४ तारखेचा. बापाकडचे आजोबा निकोला, आईकडचे आजोबा जुझेप्पे. बारी हे संत निकोलाचे गाव. १०८७ साली त्याच्या अस्थी समुद्रामार्गे तिथे आल्या, आणि तेव्हापासून त्या मुलुखात घरोघर निकोला आहेत. तर पहिले नाव निकोला, यावर वाद नाही. आता दुसरे नाव. जन्म जोव्हान्नीच्या सणाचा, म्हणून आजी म्हणते जोव्हान्नी. आईचे मन माहेरी, ती म्हणते जुझेप्पे. बाप म्हणतो, एकच नाव ठेवा, कागद सोपे राहतील.

अशा वेळी तिकडची जाणती माणसे चार गोष्टी पाहतात. पहिली गोष्ट, नाव आडनावासकट मोठ्याने म्हणून पाहतात. निकोला जुझेप्पे रुस्सो, ठीक वाटते. आडनाव आखूड असले, तर दोन नावे पेलतात. आडनाव लांबलचक असले, तर एकच बरे. आडनावच 'दि जोव्हान्नी' असले, तर जोव्हान्नी जोव्हान्नी असा घोळ नको. दुसरी गोष्ट, लाडाचे नाव काय होईल ते पाहतात. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारताना पूर्ण नाव कुणी घेत नाही. जुझेप्पेचा दक्षिणेत पेप्पे होतो आणि उत्तरेत बेप्पे. फ्रान्चेस्कोचा चिच्चो होतो, लुइजीचा जीजी, विन्चेन्झोचा एन्झो, निकोलाचा निको. ज्ञानेश्वराचा माउली होतो आणि ज्ञान्याही होतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. तिसरी गोष्ट, दोन नावे जोडून एक होते का ते पाहतात. जोव्हान्नीचे आखूड रूप जान. त्यावरून जानलुका, जानकार्लो, जानफ्रान्को अशी जोडनावे झाली. आपल्या घरात आजी आणि आजोबा दोघांनाही खूष करायचे, तर जाननिकोला हे एकच नाव होते. एक शब्द, एक सही, स्वल्पविरामाची भानगड नाही. पण मग आईच्या वडिलांना जागा उरत नाही.

आणि चौथी गोष्ट, दुसरे नाव कुणासाठी आहे ते स्वतःला विचारतात. ते रोज हाक मारायला हवे असेल, तर सलग लिहावे. ते कुणाच्या तरी आठवणीसाठी असेल, तर मध्ये स्वल्पविराम द्यावा. आपल्या या घरात 'निकोला', स्वल्पविराम, 'जुझेप्पे' असे ठरले असे समजू. कागद सोपे राहिले, बापाचे समाधान. माहेरचा मान राहिला, आईचे समाधान. आणि आजीला समजावले की जोव्हान्नीचा सण तर त्याच्या वाढदिवशी दरसाल येणारच आहे. त्यासाठी नाव कशाला अडवायचे? मग जन्मानंतर दहा दिवसांच्या आत बापाने कोमूनेच्या, म्हणजे गावच्या कचेरीत जाऊन नोंद करायची. रुग्णालयातच नोंद करायची असेल, तर मुदत तीन दिवसांची.

आपण म्हणाल, ही जुनी वहिवाट, ती आता कोण पाळतो? खरे आहे. उत्तर इटलीत आणि मोठ्या शहरांत ती कधीच सैल झाली. २०१८ पासून पुढे काही वर्षे ओळीने मुलांच्या नावांत लिओनार्दो पहिला आला, आणि त्याच्याआधी बरीच वर्षे फ्रान्चेस्को पहिला होता. लिओनार्दो ठेवणाऱ्या सगळ्या घरांत लिओनार्दो नावाचे आजोबा असतील, असे काही नाही. नाव कानाला गोड लागले म्हणून ठेवले. पण दुसऱ्या नावाची गरज यामुळे कमी झाली नाही. इटलीत २००८ साली सुमारे ५ लाख ७७ हजार मुले जन्मली होती. २०२३ साली जेमतेम ३ लाख ८० हजार. पूर्वी घरात चार मुलगे असत, तेव्हा दोन्ही आजोबांची सोय आपोआप होई. आज एकच मूल, आणि आजोबा तर दोनच राहिले आहेत! दोघांचा वारस एकच. पहिले नाव आईबापांच्या आवडीचे ठेवले, तर सगळ्या जुन्या मंडळींचा भार त्या दुसऱ्या नावावर येतो. आडनावाच्या बाबतीतही २०२२ साली तिथल्या घटना-न्यायालयाने बापाचेच आडनाव आपोआप लागण्याची चाल रद्द केली. आता वेगळे काही ठरले नसेल, तर दोघांचीही आडनावे लागतात. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव लिहायचे ठरले. दोन देश दोन वाटांनी एकाच प्रश्नाकडे आले आहेत. मुलाच्या नावात कुणाकुणाला जागा द्यायची, हा तो प्रश्न.

शेवटी एका माणसाची हकीकत सांगून थांबतो. १९१९ साली तुरीन शहरात एका ज्यू घरात पहिला मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले प्रीमो, म्हणजे पहिला. दुसरे नाव मिकेले, हे वडिलांच्या वडिलांचे. प्रीमो मिकेले लेव्ही मोठा होऊन रसायनशास्त्रज्ञ झाला. १९४४ साली नाझींनी त्याला आउश्वित्झच्या छळछावणीत नेले. तिथे कपडे काढून घेतले, बूट काढून घेतले, केस भादरले, आणि नावही काढून घेतले. हातावर गोंदले १७४५१७. इतःपर हाच तू. तो वाचला, घरी परतला, आणि १९४७ साली त्याने त्या छावणीविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पुस्तकावर लेखक म्हणून छापले होते प्रीमो लेव्ही. आईबापांनी पाळण्यात दिलेले नाव त्याने परत मिळवले होते.

म्हणून नावाचा विचार ही रिकामपणची गोष्ट समजू नये. बारीजवळच्या खेड्यातला बाप कचेरीत जाऊन स्वल्पविराम द्यावा की न द्यावा याचा विचार करतो, आणि आपल्या खेड्यातला बाप जूनमध्ये मुलाचे बोट धरून शाळेत येतो आणि म्हणतो, "गुरुजी, नाव नीट लिहून घ्या." दोघांचे काळीज एकच आहे. गुरुजींनी त्या वेळी घाई करू नये. मुलाला आधी विचारावे, "घरी तुला काय म्हणतात?" मग बापाला विचारावे, "कागदावर काय आहे?" आणि दोन्ही नीट ऐकून घेऊन, मगच रजिस्टरात लिहावे.